पेट सिटिंग सुरू करताय? आधी प्रोफाइल नीट लिहा

पूर्वी कुत्रं वाड्यात असायचं, नाहीतर शेतात. घरचे गावाला गेले तर शेजारच्या काकू दोन वेळ भाकर टाकायच्या, विषय संपला. आता संभाजीनगरात, लातुरात, नांदेडात तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत शिह त्झू असतो. पोरगा पुण्यात नोकरीला आणि त्यानं हौसेनं आणलेला कुत्रा इथं आईवडिलांकडे. त्या आईवडिलांना लग्नासाठी आठ दिवस नागपूरला जायचं असतं आणि शेजारचं दार तर कायम बंद. अशी घरं वाढली, तसं कुत्री-मांजरं सांभाळायचं काम निघालं. करणारेही आहेत. पण शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत, आणि सापडले तरी त्यांचं प्रोफाइल वाचून फोन करावासा वाटत नाही.

आपल्याकडे अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, गाव कोणतं? मग आडनाव. मग अमक्या-तमक्याचे तुम्ही कोण? पाच मिनिटांत कुणाचा तरी साडू, कुणाचा तरी वर्गमित्र निघतो आणि मग बोलणं सुरू होतं. प्रोफाइलनं हेच काम करायचं आहे. ज्याच्याशी तुमची कुठूनच ओळख निघत नाही, त्याला तुमची ओळख पटवायची. प्राण्यांवर तुमचं किती प्रेम आहे, हे त्याला विचारायचंच नसतं. ते नसतं तर या कामात आलाच नसता, एवढं तो धरून चालतो. त्याला रात्री झोप लागत नाही ती वेगळ्याच प्रश्नांनी. फाटक उघडं राहिलं तर? जेवला नाही तर? दुपारी लाइट गेली तर? या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली दिसली की तो फोन करतो.

मोबाइल हातात घ्यायच्या आधी

एका वहीत ठरवून घ्या की तुम्ही नक्की काय करणार. यात चार वेगवेगळी कामं आहेत आणि नवी मंडळी ती एकातच कालवतात. प्राणी तुमच्या घरी मुक्कामाला ठेवायचा, ज्याला लोक डॉग हॉस्टेल किंवा बोर्डिंग म्हणतात. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन राहायचं. दिवसातून एक-दोन चकरा मारून खाणंपिणं, साफसफाई करायची. मांजरांसाठी हेच सगळ्यात बरं, कारण मांजराला माणसापेक्षा जागा सोडवत नाही. आणि चौथं, नुसतं फिरवून आणायचं. सुरुवातीला एक किंवा दोनच निवडा.

मग कोणते प्राणी, ते ठरवा. कुत्रा म्हणजे सगळे कुत्रे नव्हेत. तुम्हाला रॉटवायलर आवरत नसेल, तर तसं लिहायला लाजू नका. आपल्या भागात कारवान पाळणारे पुष्कळ. लातूर जिल्ह्यातलं जानवळ तर त्यांच्यासाठीच ओळखलं जातं. हा शिकारी कुत्रा. मांजर किंवा ससा दिसला की तुमच्या हाकेला तो ओ देणार नाही. तुमच्याकडे उंच भिंतीची बंदिस्त जागा असेल आणि कारवानची सवय असेल, तर ते प्रोफाइलमध्ये ठळक लिहा, कारण कारवान ठेवून घेणारा माणूस शोधून सापडत नाही. जागा नसेल तर घेऊ नका.

पक्षी सांभाळणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लव्हबर्ड, बजरिगर, कॉकाटील चालतील. पण पिंजऱ्यातला आपला देशी हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतो आणि तो पाळणं हाच गुन्हा आहे. अंगावर चांदण्या असलेल्या कासवाचंही तेच. ‘सर्व प्रकारचे पक्षी स्वीकारले जातील’ असं लिहून नसती आफत ओढवून घेऊ नका.

भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाशी आधी बोला. नंतर बोलू म्हणाल, तर भुंकण्याची पहिली तक्रार आली की तोच तुमच्याशी बोलेल. वरच्या मजल्यावर आजारी माणूस असेल, खाली लहान लेकरू असेल, त्यांनाही सांगून ठेवा.

शेवटचं म्हणजे तुम्ही काय घेणार नाही याची यादी. लस न झालेलं पिल्लू. माजावर आलेली मादी. माणसावर धावून जाणारा कुत्रा. पार्वो या साथीच्या रोगातून नुकताच उठलेला कुत्रा, कारण त्याचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो आणि पुढच्या पिल्लाला धरतो. ही यादी वाचून गिऱ्हाईक पळत नाही. उलट, या बाईला काम कळतं, असं त्याला वाटतं.

प्रोफाइल टाकायचं कुठं

परदेशात यासाठी मोठी संकेतस्थळं आहेत. रोव्हर हे २०११ साली अमेरिकेत सिएटलला सुरू झालं आणि तिकडे पेट सिटर म्हटलं की लोक आधी तेच उघडतात. युट्यूबवरचे ‘प्रोफाइल कसं बनवावं’ छापाचे बरेच व्हिडिओ त्याला धरून असतात. ते बघा, शिका, पण परभणीत बसून त्याचा थेट उपयोग नाही. आपल्याकडच्या ॲपचंही बहुतेक काम मुंबई-पुणे-बंगळूरला चालतं. कुठल्याही ॲपला पैसे भरण्याआधी त्यात तुमचं शहर टाकून बघा, किती माणसं दिसतात ते. दोनच दिसत असतील तर तिसरे होऊन फायदा नाही.

मराठवाड्यात काम चालतं ते तीन ठिकाणी: गूगल, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम.

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि सगळ्यात आधी तेच करा. माणूस अडला की ‘डॉग बोर्डिंग निअर मी’ एवढंच टाइप करतो. तिथं घरचा पत्ता जगाला दाखवायची सक्ती नाही. पत्ता लपवून, तुम्ही कोणकोणत्या भागांत काम करता तेवढे भाग टाकता येतात, २० पर्यंत. बाईमाणूस घरून काम करत असेल तर माझा सल्ला असा की पत्ता लपवाच. पडताळणीसाठी गूगल बहुतेक वेळा व्हिडिओ मागतं. गल्लीतून घरापर्यंत चालत या, घरातली व्यवस्था दाखवा, भांडी, पट्टे, पिंजरा असेल तो, सगळं एका दमात. व्यवसायाच्या नावात ‘बेस्ट डॉग हॉस्टेल संभाजीनगर स्वस्त’ असली भर घालू नका. गूगलला ती चालत नाही आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. जे सांगायचंय ते वर्णनात सांगा. तिथं ७५० अक्षरांची जागा मिळते.

त्या वर्णनात गावाची नावं नीट लिहिणं फार महत्त्वाचं. औरंगाबादचं नाव २०२३ साली बदललं, पण शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात, धाराशिव-उस्मानाबादचंही तेच. म्हणून वर्णनात एकदा तरी दोन्ही नावं येऊ द्या. नुसतं ‘सिडको’ लिहू नका, सिडको नांदेडातही आहे. ‘एन-६, सिडको, छत्रपती संभाजीनगर’ असं पूर्ण लिहा. आणि संभाजीनगरच्या सातारा परिसरात राहणाऱ्यांनी तर शहराचं नाव विसरूच नये, नाहीतर कऱ्हाड-कोरेगावचे फोन घेत बसाल.

व्हॉट्सॲपसाठी वेगळा नंबर घेऊन बिझनेस ॲप टाका. त्यात कॅटलॉग असतो. तिथं ‘एक रात्र मुक्काम’, ‘दिवसभर सांभाळणं’, ‘घरी येऊन मांजर सांभाळणं’ असे एकेक प्रकार फोटो आणि दरासकट टाकता येतात. आपल्याकडचं गिऱ्हाईक गूगलवर नंबर बघतं आणि फोन न करता व्हॉट्सॲपवर ‘हाय’ टाकतं. मग तुमचा डीपी बघतं. तो डीपी देवाचा किंवा गुलाबाच्या फुलाचा असू नये. तुमचा चेहरा आणि शेजारी एक प्राणी, बास.

इन्स्टाग्रामच्या बायोला १५० अक्षरं मिळतात. शहर, भाग, कोणते प्राणी, संपर्क. सुविचार घालायला जागा उरत नाही, हे चांगलंच आहे.

आता लिहायचं काय

बहुतेकांचा मजकूर असा असतो:

‘आम्ही प्राणीप्रेमी असून आपल्या लाडक्या पाळीव प्राण्याची घरच्यासारखी, मायेने काळजी घेऊ. योग्य दर. चोवीस तास सेवा. एकदा अवश्य भेट द्या.’

हे वाचून मिठाईच्या दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका आठवते. यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण एकही वाक्य फक्त तुमचं असं नाही. शेजारच्या गल्लीतला माणूस हेच उचलून स्वतःच्या नावावर टाकू शकतो. आता हे बघा. लातूरच्या एखाद्या बाईंनी नव्यानं काम सुरू केलंय असं समजून लिहिलेला नमुना आहे:

‘लातूर, औसा रोड. तळमजल्यावरचं स्वतःचं घर. चारी बाजूंनी पाच फुटी कंपाउंड, फाटकाला आतून कडी आणि कुलूप. घरात मी, नवरा आणि सासूबाई. दिवसभर कुणी ना कुणी असतंच. हे काम यंदा सुरू केलंय, पण घरची गावठी कुत्री पिल्लू असल्यापासून आमच्याकडे आहे आणि नव्या कुत्र्याला जवळ करते. एका वेळी बाहेरचे दोनच कुत्रे घेते. मांजरं घेत नाही. आमच्या घरात मांसाहार शिजत नाही. कोरडं किंवा पाकिटातलं खाणं तुम्ही दिलंत तर देईन. अंडं अंगणातल्या शेगडीवर उकडून देते. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत आणि संध्याकाळी सातनंतरच फिरवते. दुपारी कूलरच्या खोलीत. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो. लसीचं कार्ड बघितल्याशिवाय घेत नाही. रोज दोन वेळा फोटो आणि काय खाल्लं ते कळवते. आधी कुत्र्याला घेऊन घरी या, चहा घेऊ, त्याला आवडलं तर पुढचं ठरवू.’

यात ‘प्रेम’ हा शब्द कुठंच नाही. पण कुत्रा ठेवावासा वाटतो की नाही?

या नमुन्यातल्या दोन-तीन गोष्टींकडे नीट बघा. पहिली, घरात कोण कोण आहे. मोठ्या शहरात हे कुणी विचारत नसेल, आपल्याकडे पहिला फोन याच प्रश्नाचा असतो. सासूबाई दिवसभर घरी असतात ही खरंतर तुमची सगळ्यात मोठी सोय आहे, ती लपवता कशाला? एकटे राहत असाल तर मात्र तसं जाहीर लिहू नका, ‘मी घरूनच काम करतो’ एवढं पुरे.

दुसरी, शाकाहार-मांसाहार. इथं नवे लोक हमखास गप्प बसतात आणि मग दारात कुत्रा आल्यावर कुरबुर होते. जैन, लिंगायत, मारवाडी घरं आपल्या शहरांत बरीच. एका बाजूला ‘आमच्या कुत्र्याला चिकन लागतंच’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘जिथं मटण शिजतं तिथं आमचा कुत्रा नको’ म्हणणारेही. दोघांनाही तुमचं उत्तर आधीच दिसू द्या. तुमच्याकडे चिकन-भात शिजत असेल तर तेही लिहा, कांदा-लसूण न घालता हे जोडून, कारण कांदा आणि लसूण कुत्र्यामांजरांना बाधतात. जाणकार मालक तेवढ्या एका शब्दावर विश्वास टाकतो.

तिसरी गोष्ट, नवे आहात ते लपवायचं नाही. ‘दहा वर्षांचा अनुभव’ असं ठोकून दिलं तर पहिल्या भेटीत उघडं पडतं. नवा असूनही घर, वेळ, माणसं पक्की आहेत, हे गिऱ्हाइकाला पुरतं. त्यापलीकडे काही खरं सांगण्यासारखं असेल तर सांगा: गोचीड काढता येतात, गोळी चारता येते, म्हाताऱ्या कुत्र्याला उचलून पायऱ्या उतरवता येतात.

भाषेचं म्हणाल तर मराठीत लिहा आणि खाली चार ओळी हिंदीत द्या. संभाजीनगर, नांदेड, परभणीत मांजरं पाळणारी पुष्कळ घरं हिंदी-उर्दू बोलणारी आहेत, ईदला गावी जाताना तीही सोय शोधतात. शेंद्रा, वाळूजच्या कंपन्यांत बदलून आलेले साहेब लोक आहेत, त्यांनाही मराठी येतंच असं नाही.

उन्हाळ्याचा वेगळा परिच्छेद लिहा

हे मी मुद्दाम वेगळं काढतेय. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी, लग्नसराई, म्हणजे सगळ्यात जास्त विचारणा तेव्हाच. कुत्र्याच्या शरीराचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं आणि त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच थंड होतो. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही धड जमत नाही. बर्फाळ प्रदेशातल्या हस्कीबद्दल तर बोलायलाच नको, पण लोक पाळतात आणि तुमच्याकडे आणतात.

तेव्हा प्रोफाइलमध्ये स्वच्छ लिहा. प्राणी स्लॅबच्या खोलीत राहील की पत्र्याच्या? पत्र्याची असेल तर उन्हाळ्यात काम घेऊच नका. कूलर आहे का, लाइट गेल्यावर काय, फरशीवर झोपायला गार कोपरा आहे का. पाण्याचंही लिहा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात राहतो आपण. घरात बोअर आहे, टाकी मोठी आहे, प्यायला फिल्टरचं पाणी देता, हे इथल्या मालकाला वाचायला बरं वाटतं. बाहेरगावच्या माणसाला ते विचित्र वाटेल, पण तो तुमचं गिऱ्हाईक नाही.

आजारी पडला तर काय, हेही याच जागी. तुमचा नेहमीचा पशुवैद्य किती अंतरावर आहे, रात्री कुठं नेणार. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्या गावांत किंवा जवळपास राहत असाल तर तेवढं एक वाक्य टाका. डॉक्टरांचं नाव त्यांना विचारल्याशिवाय छापू नका. आणि ‘किरकोळ आजारावर घरगुती औषध देतो’ असं चुकूनही लिहू नका. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, हे माहीत असलेला मालक तुमचं प्रोफाइल तिथंच बंद करेल.

फोटो

नेटवरचा गोल्डन रिट्रीव्हर काढून टाका. हिरव्यागार लॉनवर हसणारा तो कुत्रा बीड बायपासचा नाही, हे पोरांनाही कळतं.

फोटो तुमच्या घराचे हवेत. सकाळी सात ते नऊच्या उजेडात, बाहेरच्या बाजूला काढा. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो कितीही स्वच्छ घराचा असला तरी कळकट दिसतो. पहिला फोटो तुमचा, प्राण्याबरोबर. उभं राहून वरून काढू नका. खाली बसा, मोबाइल कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. काळा कुत्रा असेल तर पाठीमागे फिकट भिंत घ्या, नाहीतर नुसता डाग दिसतो. स्वतःचा प्राणी नसेल तर गल्लीतला जो रोज तुमच्या हातची भाकर खातो, तोच बसवा शेजारी. गावठी कुत्र्याबरोबरचा खरा फोटो पुष्कळ काही सांगून जातो.

दुसरा फोटो फाटकाचा. हो, फाटकाचाच. कडी दिसू द्या, खालची फट दिसू द्या. फट मोठी असेल तर आधी जाळी लावा आणि मग फोटो काढा, कारण पॉमेरेनियन पाळणारा माणूस तीच फट झूम करून बघतो. मांजरं घेणार असाल तर खिडक्यांच्या आणि गॅलरीच्या जाळीचा फोटो. तिसरा, झोपायच्या जागेचा. चौथा, पाण्याच्या आणि खाण्याच्या भांड्यांचा, घासलेल्या. पाच-सहा फोटो झाले की थांबा.

फिल्टर नको, हार्टचे स्टिकर नकोत, फोटोवर मोठ्या अक्षरात नंबर नको. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसत असतील तर काढा. गाडीची नंबर प्लेट, घराच्या नावाची पाटी, लेकरांचे चेहरे दिसत असतील तर कापा.

दर लिहावा की नाही

लिहावा. ‘दरासाठी संपर्क करा’ म्हटलं की निम्मे लोक संपर्क करत नाहीत. अगदी नेमका आकडा नको असेल तर ‘एका रात्रीचे अमुकपासून पुढे’ असं लिहा. किती घ्यायचे ते ठरवताना आपल्याच गावातल्या दोन-तीन जणांचे दर विचारा. पुण्याचा दर इथं चालत नाही आणि फुकटच्या भावात केलं तर लोकांना शंका येते. खाणं दरात धरलंय की वेगळं, आणून-नेऊन सोडायचे किती, दिवाळीत जास्त घेणार का, दुसऱ्या कुत्र्याला सूट आहे का, एवढं स्पष्ट असलं की नंतर घासाघीस कमी होते. होणारच नाही असं नाही, मराठवाड्यात राहतो आपण.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅनवर. त्याचे पैसे मागणारा एजंट भेटला तर हात जोडा. नोंदणी झाल्यावर ‘उद्यम नोंदणीकृत’ एवढे दोन शब्द प्रोफाइलमध्ये टाकता येतात.

गिऱ्हाईकच नाही तर अभिप्राय कुठून आणायचा

भावाला, मेव्हण्याला, कॉलेजच्या मैत्रिणीला पाच-पाच तारे द्यायला लावू नका. एकाच दिवशी एकाच आडनावाचे चार अभिप्राय आले की वाचणारा हसतो. पैसे किंवा सूट देऊन अभिप्राय घेणं गूगलच्या नियमातही बसत नाही. त्यापेक्षा ओळखीतल्या दोघा-तिघांचे प्राणी खरोखर सांभाळा, हवं तर पहिल्या वेळी कमी पैशात. मग गूगल बिझनेस प्रोफाइलमधून अभिप्रायाची लिंक निघते ती पाठवा आणि म्हणा, ‘जे झालं तेच लिहा, पण कुत्र्याचं नाव आणि किती दिवस ठेवला ते लिहा.’ ‘व्हेरी गुड सर्व्हिस’पेक्षा ‘आमचा शेरू चार दिवस राहिला, पहिल्या दिवशी जेवला नाही पण त्यांनी फोन करून विचारलं’ हे वाचून नवा माणूस येतो.

कधी वाईट अभिप्राय आला तर त्याला चार ओळींत, शांतपणे उत्तर द्या. ते उत्तर तक्रार करणाऱ्यासाठी नसतं, मागून वाचणाऱ्या पन्नास जणांसाठी असतं.

विश्वासाची आणखी एक सोय म्हणजे पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला. लोकांच्या घरी जाऊन काम करणार असाल, घराची किल्ली घेणार असाल, तर तो काढून ठेवा आणि ‘पोलीस पडताळणी झालेली आहे, भेटीत दाखवू’ असं लिहा. दाखल्याचा किंवा आधार कार्डाचा फोटो मात्र इंटरनेटवर टाकायचा नाही.

जपून

कुत्रा तुमच्याकडे आहे म्हणजे त्याच्या मालकाचं घर बंद आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात बंद घरं फुटल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. तेव्हा ‘उल्कानगरीच्या ब्रूनोचे मम्मी-पप्पा केरळला, ब्रूनो आमच्याकडे’ अशी स्टोरी टाकू नका. फोटो टाकायचा असेल तर ते परत आल्यावर आणि त्यांना विचारून. त्यांच्या घरात जाऊन काम करत असाल तर घराच्या आतला फोटो अजिबात नाही. हा नियम प्रोफाइलमध्येच लिहून टाका. शहाण्या गिऱ्हाइकाला तो फार आवडतो.

दुसरं म्हणजे फसवणूक. नंबर जाहीर झाला की असा एक फोन येऊ शकतो: मी फौजेत आहे, बदली झालीय, कुत्रा पंधरा दिवस ठेवायचाय, सगळे पैसे आत्ताच पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन तर कधीच टाकावा लागत नाही. कुत्र्याचं नाव, वय, जात विचारा. असले लोक तिथंच अडखळतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

पहिला मेसेज आला की

प्रोफाइल चांगलं आणि उत्तर दुसऱ्या दिवशी, असं करू नका. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवता येतात. एक उत्तर प्रश्नांचं करून ठेवा: कुत्रा की मांजर, वय, नर की मादी, नसबंदी झालीय का, लस कधी झाली, काय खातो, कशाला घाबरतो, कोणत्या तारखा. ‘कशाला घाबरतो’ हा प्रश्न गाळू नका. फटाके, कुकरची शिट्टी, झाडू, टोपी घातलेला माणूस, काहीही निघतं.

तारखांचा अंदाज आधीच घ्या. आपल्याकडे विचारणा दिवाळी आणि मे महिन्यापुरती नसते. महालक्ष्म्यांना घरंच्या घरं गावाकडे जातात. लातूर-धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे शेतपूजेच्या वेळ अमावास्येला, अख्खं शहर शेतात असतं, तेव्हा दिवसभरासाठी विचारतात. या दिवसांच्या आधी पंधरा दिवस स्टेटसला आणि गूगलवर ‘अमुक तारखांना जागा आहे’ असं टाका. दिवाळीसाठी तर फटाक्यांच्या वेळी प्राणी कुठल्या खोलीत असतो, खिडक्या बंद असतात का, हेही सोबत लिहा.

मुक्कामाच्या आधी एक भेट झालीच पाहिजे, तुमच्या घरी, प्राण्याला घेऊन. मालक घर बघतो, तुम्ही कुत्रा बघता. मालकाच्या हातून पट्टा घेऊन बघा, कुत्रा अंगावर येतो की शेपटी हलवतो. नाही पटलं तर त्याच वेळी नाही म्हणा. पटलं तर लसीच्या कार्डाचा फोटो घ्या, डॉक्टरांचा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर घ्या, उपचाराचा खर्च कोण करणार ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मग ॲडव्हान्स. आणि त्याच संध्याकाळी गूगलवर नि स्टेटसला त्या तारखा भरल्या म्हणून टाकून द्या.